ठणका थांबल्यानंतर

प्रस्तावना

माझी आत्या केमच्या एका कुंकवाच्या कारखान्यात कामाला जायची. दिवसभर कुंकू चाळायचं, तोलायचं, पुड्या भरायच्या. तिच्या डाव्या कानात कायम कापसाचा बोळा असे. सकाळी तो पांढरा असायचा आणि संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा गुलाबी झालेला असायचा. कान चुळचुळला की ती बोटानं बोळा आत सारायची, आणि बोट कुंकवानं माखलेलं असायचं. लहानपणी मला वाटे की आत्याच्या कानातून कुंकूच येतं. घरात कुणाला त्याचं विशेष वाटत नसे. "तिचा कान फुटलाय लहानपणी," एवढंच सांगितलं जाई, जसं एखाद्याचा दात पडलाय म्हणून सांगतात.

आत्या बसताना डावी बाजू भिंतीकडे करून बसायची. डावीकडून हाक मारली तर ओ द्यायची नाही, म्हणून बायका तिला आखडू म्हणायच्या. पुढे मी कान-नाक-घशाचा डॉक्टर झालो आणि एकदा सुट्टीत घरी आलो असताना तिच्या कानात दुर्बीण लावून पाहिलं. पडद्याचा बराचसा भाग नव्हताच. त्या भोकातून मध्यकर्णाचं ओलसर, गुलाबी अस्तर सरळ दिसत होतं, आणि वर हातोडीच्या हाडाचा एक तुकडा लोंबत होता. मी विचारलं, "आत्या, दुखत नाही का गं कधी?" ती म्हणाली, "दुखायचं तर लहानपणीच थांबलं. पू आला अन् ठणका गेला. म्हणून तर कुणी दवाखान्यात नेलं नाही."

ही पुस्तिका आत्याच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिली आहे.

केम हे करमाळा तालुक्यातलं, मुंबई–सोलापूर लोहमार्गावरचं गाव. उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकू या दोन गोष्टींसाठी लोक ते ओळखतात. पंढरपूरला, तुळजापूरला देवाच्या दारात मिळणाऱ्या पुडीतलं कुंकू पुष्कळदा इथलं असतं. पण या पुस्तिकेत जे सांगितलं आहे ते केमपुरतं नाही. वाहता कान जेऊरला आहे, कुर्डुवाडीला आहे, उसाच्या फडावर पडलेल्या कोप्यांत आहे, मुंबईच्या चाळीतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ साली या विषयावर एक अहवाल काढला होता. त्यात जगभरात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी माणसांचे कान वाहतात असा अंदाज होता, आणि त्यांपैकी सुमारे साठ टक्के लोकांना त्यापायी कमी ऐकू येतं असं म्हटलं होतं. ज्या देशांत हा आजार सर्वांत जास्त आहे त्या गटात भारताचं नाव होतं. आपल्याकडे मात्र तो आजारांच्या यादीत धरलाच जात नाही. ताप आला तर मूल आजारी. कान वाहत असला तर मूल शाळेत.

आपल्या भाषेनंही थोडा घोटाळा केला आहे. 'कान फुटला' असं आपण म्हणतो. गळू फुटलं की आराम पडतो हा सगळ्यांचा अनुभव, म्हणून कान फुटला की तिथेही काम झालं असं वाटतं. घडतं ते असं. सर्दी होते. नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत एक नळी जाते, ती सुजते आणि बंद होते. मध्यकर्ण म्हणजे पडद्याच्या आतली हवेची लहानशी खोली. तिच्यात चमचाभर पाणीही मावणार नाही. नळी बंद झाली की तिथली हवा शोषली जाते, पाणी झिरपतं, आणि घशातले जंतू वर चढले तर त्या पाण्याचा पू होतो. पडदा जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ. आतून दाब वाढला की तो फुगतो, ताणला जातो. रात्री दीड-दोन वाजता मूल किंचाळत उठतं तो ठणका या ताणाचा. शेवटी पडदा एका जागी फाटतो, पू वाट काढून बाहेर येतो, ताण जातो आणि मूल झोपतं. सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो. आईच्या जिवात जीव येतो.

इथवरचा आजार बहुतेक मुलांत बरा होतो, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुसंख्य मुलांना एकदा तरी मध्यकर्णाचा संसर्ग होतो. त्यांतली बरीच दोन-तीन दिवसांत प्रतिजैविकाशिवाय बरी होतात आणि फाटलेला पडदा काही आठवड्यांत सांधला जातो. म्हणून दोन वर्षांवरच्या मुलाचा आजार सौम्य असेल तर अंगाच्या वजनानुसार पॅरासिटॅमॉल देऊन दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली वाट पाहणं ही योग्य वैद्यकी आहे. ज्या डॉक्टरनं लगेच औषधाची मोठी बाटली लिहिली नाही त्याला काही कळत नाही, असं समजू नये. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, दोन वर्षांच्या आतलं असून दोन्ही कान धरले असतील, ताप जास्त असेल, ठणका थांबत नसेल किंवा कान वाहू लागला असेल, तर मात्र प्रतिजैविक लागतं, आणि ते सांगितलेले सगळे दिवस द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागलं म्हणून उरलेली बाटली धाकट्यासाठी फळीवर ठेवायची, ही आपल्याकडची सर्रास चूक.

प्रश्न उरतो तो न सांधलेल्या पडद्याचा. पुन्हा सर्दी, पुन्हा पू, वरून अंघोळीचं आणि विहिरीचं पाणी. भोकाच्या कडा जाड होत जातात आणि एक दिवस ते कायमचं होतं. आता आतून दाब वाढण्याचा प्रश्नच नाही, कारण दार उघडंच आहे. म्हणून दुखत नाही. डॉक्टर म्हणून मला ठणकणाऱ्या कानापेक्षा न दुखता वाहणाऱ्या कानाची जास्त धास्ती वाटते. ठणकणारा कान आईला रात्री दोन वाजता उठवतो, न दुखणारा कान कुणालाच उठवत नाही.

त्या नळीबद्दल थोडं. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. केमहून मुंबईला जाताना लोणावळ्यानंतर गाडी बोरघाट उतरू लागली की कानात दडे बसतात. आवंढा गिळला की आत बारीकसा 'पट्' आवाज होतो आणि कान मोकळा होतो. ती उघडली ती हीच नळी. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात तिची लांबी जवळजवळ निम्मी आणि ती बरीचशी आडवी असते. म्हणून घशातलं, नाकातलं काही वर जायला लहान मुलात वेळ लागत नाही. मूल जसजसं वाढतं, चेहरा लांबतो, तशी नळी तिरपी होते आणि कानाचा त्रास आपोआप कमी होतो. ‘मोठं झालं की जाईल’ ही आजीची समजूत इथून आली असावी, आणि ती अर्धी खरी आहे. संसर्ग कमी होतात. पडलेलं भोक वयानं बुजत नाही.

नळी अशी आडवी असते म्हणूनच बाळाला पाठीवर पूर्ण निजवून बाटली तोंडात देऊ नये. डोकं उंच धरून पाजावं. पहिले सहा महिने नुसतं आईचं दूध मिळालेल्या मुलांना कानाचा त्रास कमी होतो. धूर मात्र फार वाईट. विडीचा, चुलीचा, आणि आपल्याकडे जिव्हाळ्यानं दिला जाणारा बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीचाही. ओवा-शेपाच्या धुरीवर बाळाला धरताना आजीच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण धुरानं नाकाघशाचं अस्तर सुजतं, नळी बंद पडते. अंघोळ घाला, मालीश करा, ऊब द्या. धुरी तेवढी सोडा.

'कानात तेल घालून झोपणे' असं आपण दुर्लक्ष करणाऱ्याला म्हणतो, आणि जिवापाड जपणाऱ्याला 'डोळ्यांत तेल घालून' जपतो म्हणतो. गंमत अशी की प्रत्यक्षात आपण माया म्हणून तेल घालतो ते कानात. टाळू भरताना दोन थेंब कानात, ठणकला तर लसणाची पाकळी कढवून कोमट तेल, वाहू लागला तर झेंडूच्या पाल्याचा रस, माक्याचा रस, हळदीची फुंकर. ही यादी मी वाचून सांगत नाही. यातली प्रत्येक वस्तू मी कानातून बाहेर काढली आहे. पडदा धड असेल तर तेल बिचारं बाहेरच थांबतं आणि फारसं नुकसान करत नाही. फाटलेला असेल तर ते सरळ मध्यकर्णात उतरतं, सोबत पाल्यावरचे, मातीतले जंतू घेऊन. हळदीचं वेगळंच. ती पुवात कालवून घट्ट गोळा होते, वाट बंद करते, आणि मागचा पडदा डॉक्टरला दिसेनासा होतो. केममध्ये हळद घरोघरी असते, जखमेवर ती पूर्वापार लावतात, मग कानात का नको, असं मला अनेकदा विचारलं जातं. जखम डोळ्यांसमोर असते, धुता येते. मध्यकर्ण डोळ्यांआड आहे आणि तो धुऊन काढायचा तर माझ्यासारख्याला तासभर सूक्ष्मदर्शकाखाली बसावं लागतं.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंबही तेलाहून सुरक्षित असतातच असं नाही. कानाच्या काही थेंबांत जेंटामायसिनसारखी औषधं असतात. पडदा फाटलेल्या कानात ती दीर्घकाळ घातली तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. वाहत्या कानात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय थेंब नाहीत, हा नियम मी स्वतःच्या घरातही पाळतो.

मग करायचं काय? सगळ्यात आधी कान कोरडा करायचा. ओला कान बरा होत नाही. यासाठी आपल्या घरातली एक कला कामाला येते. समईची वात वळायला आपल्या बायकांना शिकवावं लागत नाही. तशीच वात धुतलेल्या, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वळायची. देवापुढच्या कापसाची नको, तिचे तंतू आत राहतात. काडीही नको, आगपेटीची तर नाहीच. मुलाला मांडीवर आडवं घेऊन कान किंचित मागं-वर ओढायचा, वातीचं टोक हलकेच आत सरकवायचं आणि ती पू शोषून घेईपर्यंत थांबायचं. ओली झाली की टाकून दुसरी घ्यायची. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करायचं, दिवसातून तीन वेळा तरी. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब, साधारण दोन आठवडे. अगोदर वात, मग थेंब. पुवानं भरलेल्या कानात थेंब घातले तर ते वरच्या वर तरंगून बाहेर येतात. एका माउलीनं महिनाभर महागाचे थेंब घातले होते आणि गुण नव्हता. तिला समोर बसवून चार वाती वळायला लावल्या. पंधरा दिवसांनी त्याच थेंबांनी मुलीचा कान कोरडा झाला.

अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवायचा आणि अंघोळ झाली की काढून टाकायचा. आत्यासारखा दिवसभर नाही. कोंडलेल्या ओलीत जंतू जास्त वाढतात. विहिरीत, तळ्यात, उजनीच्या पाण्यात डुंबणं बंद. दहा-बारा वर्षांच्या पोराला उन्हाळ्यात हे सांगणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, पण सांगावंच लागतं.

काही खुणा दिसल्या की वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. कानामागं लाल, दुखरी सूज येऊन कानाची पाळी पुढं ढकलली जाणं. तोंड एका बाजूला वाकडं होणं. घेरी येणं. वाहत्या कानाबरोबर तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणं, गुंगी. शिवाय जो कान थोडाच वाहतो पण त्याला कुजकट घाण वास येतो, तो न दुखणारा असला तरी लवकर दाखवावा. तिथे पडद्याच्या कडेनं कातडी आत वाढत जाऊन हाड कुरतडत असते, आणि त्या हाडापलीकडे मेंदू आहे. ऑस्कर वाइल्ड हा विख्यात लेखक १९०० साली पॅरिसमध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी गेला. कानातला संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून तो गेला, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याचे वडील विल्यम वाइल्ड डब्लिनमधले नामांकित कर्णशल्यचिकित्सक होते, आणि कानाच्या मागं घ्यायच्या एका छेदाला आजही त्यांचं नाव आहे. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, आणि तरीही वाहत्या कानातून मेंदूत गळू झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांनी आधी अनेक वर्षं एकच गोष्ट सांगितलेली असते: दुखत नव्हतं.

आणखी एक प्रकार आहे, त्यात पूही नसतो. सर्दीनंतर मध्यकर्णात चिकट पाणी साचून राहतं. पडदा धड, ताप नाही, दुखणं नाही. फक्त मुलाला कमी ऐकू येतं. आई म्हणते, "ऐकू येतं की त्याला, गाडीची शिट्टी वाजली की स्टेशनकडं पळतो." गाडीची शिट्टी तर येणारच. या आजारात मोठे आवाज आत पोचतात, हळू बोललेलं पोचत नाही. नेहमीच्या बोलण्याची पातळी साठ डेसिबलच्या आसपास, कुजबुजीची तीसच्या. या मुलांचं ऐकणं वीस ते चाळीस डेसिबलनं खाली गेलेलं असतं. म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला बाईंचा आवाज येतो, शब्दांचे शेवट येत नाहीत. 'केला' आणि 'केली' त्याला सारखंच. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शेरे पडतात, आणि वर्गात त्याच्यावर 'लक्ष नसतं' हा शिक्का बसतो. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की हा शिक्का मारण्यापूर्वी मुलाच्या मागं उभं राहून हळू आवाजात त्याचं नाव घेऊन पाहा. यातलं बहुतेक पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवणं हाच उपचार. नाही गेलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवता येते, १९५४ पासून जगभर ती वापरली जाते.

सरकारी पातळीवर काहीच नाही असं म्हणणं खोटं होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि त्यात तपासायच्या आजारांत मध्यकर्णाचा संसर्ग नावानिशी आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी असली तरी कान ठणकवणाऱ्या जंतूंतला हा एक मोठा जंतू आहे. शस्त्रक्रियेचं म्हणाल तर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते, आणि कानाच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. पडद्याची शस्त्रक्रिया म्हणजे कानाच्या वरच्या स्नायूवरचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा काढून तो भोकावर आतून लावणं. कोरड्या कानात केली तर दहातल्या आठ-नऊ जणांचा पडदा धरतो. खर्च हे आता पहिलं कारण राहिलेलं नाही. पहिलं कारण आहे ते कुणी पाठवतच नाही, हे.

ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या मुलांपुढे मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कोपीत धूर, थंडी, पहाटे दोनला फडात जाणारी आई. 'पंधरा दिवसांनी दाखवायला आणा' म्हणावं, तर पंधरा दिवसांनी टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असते. म्हणून त्यांच्यासाठी या पुस्तिकेत एक वेगळं पान केलं आहे. त्यावर मुलाच्या कानाची नोंद करायची आणि ते फाडून आईजवळ द्यायचं, म्हणजे पुढच्या गावच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

ही पुस्तिका आशाताईंसाठी, अंगणवाडीतल्या सेविकांसाठी, शिक्षकांसाठी आणि आयांसाठी आहे. डॉक्टरांसाठी मोठे ग्रंथ आहेत. सुश्रुतानं उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यांत स्रवणारा कान आणि दुर्गंधी येणारा कान वेगवेगळे नोंदवले, म्हणजे आजार आपल्याला जुना ठाऊक आहे. इथे मी वात वळण्यापासून रुग्णालयात कुठली कागदपत्रं न्यायची इथपर्यंत जेवढं लागेल तेवढंच लिहिलं आहे. चित्रं मोठी ठेवली आहेत, कारण अनेक आज्यांना चष्मा नाही.

आत्याच्या कानाची शस्त्रक्रिया तिच्या उतारवयात झाली. पडदा धरला. मधली हाडं झिजली होती, त्यामुळे ऐकू थोडंच वाढलं, पण कान कोरडा झाला आणि बोळा गेला. हे चाळीस वर्षं आधी झालं असतं तर ती आखडू ठरली नसती.

शेवटच्या पानावर दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत: तुमच्या आरोग्य केंद्राचा फोन, आणि तालुक्याला कानाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात तो वार. पुस्तिका बाजूला ठेवण्याआधी आशाताईंना विचारून त्या दोन ओळी भरून घ्या.